वेगळं पातेलं

मुलगी मागायला तबक घेऊन जायचं, चहा प्यायचा, गोड बोलायचं आणि परत यायचं, असला भाबडेपणा थोआच्या गावात कुणी करत नाही. तबक जातं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी घरातली एखादी मुरलेली बाई कोंबड्या विकत घेण्याचं निमित्त काढून त्या घराच्या मागच्या दाराशी जाऊन येते. मोरी बघते. भांड्यांची बुडं बघते. नवरा-बायको एकमेकांवर कसे खेकसतात ते ऐकते, आणि पोरगी दारातल्या कुत्र्याला काय घालते तेसुद्धा बघते. घरी येऊन तिनं चांगलं सांगितलं तर सुपारी नि विड्याची पानं आणली जातात. नाही सांगितलं तर ह्या वर्षी योग नाही असा निरोप जातो, आणि तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळतं.

त्यामुळे खिएमनं फोनवर "आई, पुढच्या महिन्यात तबक घेऊन ये, साउ मावशीच्या पोरीला, लायला, मागणी घालायची आहे," असं सांगितलं तेव्हा थोआ "बरं बाबा" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी दा नांग शहराच्या बसमध्ये बसली. शेजारणीला तिनं डोळे तपासायला चालले म्हणून सांगितलं. पोराला तर काही कळूच दिलं नाही. पोराला कळलं की पोरीला कळणार, आणि पोरीला कळलं की मोरी घासली जाणार.

खिएम तिचा एकुलता एक. बाप होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही, तेव्हा खिएम रांगत होता. त्याला तिनं मामवर वाढवला. माम म्हणजे मिठात मुरवलेली बारीक मासळी. मिठागरावरचं मीठ, मांदेलीएवढे मासे आणि वर्षभराचं ऊन, एवढाच सगळा मामला, पण माम नसेल तर त्या किनाऱ्यावर कुणी भाताला हात लावत नाही. थोआचे रांजण पंचक्रोशीत नावाजलेले होते. खिएम दा नांगला इमारतींच्या कामावर वेल्डर म्हणून लागला तेव्हापासून दर महिन्याला बसमधून मामचा एक डबा त्याच्याकडे जायचा. दर महिन्याला त्याचा फोन यायचा, "आई, संपलं गं, पुढचं पाठव." ते ऐकलं की तिचा दिवस चांगला जायचा.

असा तिचा मुलगा आता म्हणत होता की शहरातली पोरगी करायची. त्यातून फुटपाथवर बून माम, म्हणजे माम घातलेल्या तांदळाच्या शेवया, विकणाऱ्या बाईची. दिवसभर चार गिऱ्हाइकांशी हसून बोलायची सवय असलेली. हे लग्न होऊ द्यायचं की वेळीच मोडायचं, हे थोआला आपल्या डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर बसमध्ये चढतानाच तिचं निम्मं ठरलेलं होतं.

दा नांगला ती मागे एकदा आली होती, खिएमला कामावर सोडायला. तेव्हा बसस्टँड शहराबाहेर होता. आता बसस्टँड तिथेच होता आणि शहर त्याला ओलांडून पुढे निघून गेलं होतं. जिथे तिनं म्हशी डुंबताना बघितल्या होत्या तिथे काचेच्या इमारती उभ्या, आणि त्यांना लागून आणखी उंच इमारतींचे सांगाडे. एवढ्या घाईनं वाढणाऱ्या गोष्टीवर थोआचा विश्वास बसत नसे.

मोटरसायकलवाल्यानं "कुठे जायचं, काकू?" विचारलं तेव्हा ती पिशवी छातीशी धरून म्हणाली, "तुला काय करायचंय?" मग हा प्रश्न त्याच्या धंद्याचा आहे हे लक्षात आल्यावर तिनं बाजाराचं नाव सांगितलं, आणि हा लांबून तर नेत नाही ना म्हणून वाटभर ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघत राहिली. लॉजवाल्या बाईनं एकट्याच का आलात म्हणून विचारलं.

"पूल बघायला," थोआ म्हणाली. "तो ड्रॅगनचा. आग ओकतो तो."

"तो शनिवारी-रविवारीच ओकतो, मावशी."

"मग ओकत नसताना बघते."

साउची गाडी बाजारामागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते, हे खिएमच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. थोआ थेट तिथे गेली नाही. समोर एक घावनवाली बसली होती, तिच्याकडच्या लाल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर ती टेकली. कोळंबी आणि मोड आलेले मूग घातलेलं, कडेनं कुरकुरीत झालेलं घावन आलं. ते पाल्यात गुंडाळायचं, शेंगदाण्याच्या दाट चटणीत बुडवायचं आणि खायचं. थोआनं आधी तेल जुनं आहे का ते बघितलं, मग कोळंबी हुंगली, मग पाल्याचं एकेक पान उलटून अळी शोधली. काहीच सापडलं नाही. तिनं दुसरं घावन मागवलं, आणि मागवावं लागलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"समोरची बाई कशी आहे हो?" तिनं तोंडात घास असतानाच विचारलं, म्हणजे प्रश्न सहज वाटावा.

"कोण, साउ? जिभेची फटकळ. हाताची सढळ."

"आणि पोरगी?"

घावनवालीनं कढईवरून मान वर केली. "का? स्थळ आणलंय की काय?"

"माझ्याकडे कुठलं आलंय स्थळ. मी पूल बघायला आलेय."

"हो का? पूल तिकडे नदीवर आहे," घावनवाली म्हणाली, आणि हसू दाबत पुढचं पीठ ओतू लागली. बाई आगाऊ आहे, असं थोआनं मनाशी म्हटलं आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

साउ पन्नाशीची, ठेंगणी, हातातली सुरी न थांबवता बोलणारी बाई होती. गाडीच्या काचेमागे डुकराच्या मांसाची खरपूस पट्टी टांगलेली, शेजारी तांदळाच्या शेवयांचा ढीग, उकडलेला कोवळा फणस, कच्च्या पपईचा कीस, पाल्याच्या टोपल्या. लाय टेबलं पुसत होती. उंच, सावळी, केस वर बांधलेले. नखं रंगवलेली असतील अशी थोआची खात्री होती, ती रंगवलेली नव्हती. भांडी विसळायच्या शेवटच्या बादलीतलं पाणीही स्वच्छ होतं. कुणीतरी बघायला येणार आहे ह्याचा सुगावा ह्यांना लागलेला दिसतोय, असं थोआला वाटलं.

"या ताई, बसा. तिखट किती घालू?" साउनं विचारलं.

"सगळ्यांना घालता तेवढंच. मला वेगळं काही नको."

"वेगळं घालायला तुम्ही काय आमच्या विहीणबाई आहात?" साउ म्हणाली, आणि टेबलावरचे सगळे हसले. थोआनं दचकून वर बघितलं. पण साउ तोवर मांस तोडायला वळली होती.

वाटी आली. थोआनं सवयीनं ती आधी नाकाशी नेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

भाजलेल्या तांदळाचं पीठ मामात सगळेच घालतात. पण त्यात मूठभर भाजका मका दळून घालायची रीत तिच्या सासूची, आणि सासू गेल्यावर ती थोआपुरतीच उरली होती. तिनं जेवणाच्या काडीच्या टोकानं एक थेंब जिभेवर ठेवला. शंकेला जागाच नव्हती. हे तिचं माम होतं, तिच्या अंगणातलं, तिनं स्वतः ढवळलेलं. शेजारच्या टेबलावर दोन ऑफिसातल्या पोरी वाटी तिरकी करून तळाचं माम पीत होत्या. कोपऱ्यातला एक म्हातारा बोट चाटत होता. आधी थोआची छाती भरून आली. पुढच्याच क्षणी तिचं डोकं तापलं. आई, संपलं गं, पुढचं पाठव. असं संपत होतं तर.

"माम छान आहे," ती म्हणाली. "कुठून आणता?"

"घरचं आहे."

"कुणाच्या घरचं?"

"घरचं म्हणजे घरचं. धंद्यातलं कुणी सांगतं का, ताई?" साउची सुरी जराशी रेंगाळली, ते थोआनं बरोबर टिपलं.

"मका घालता वाटतं त्यात?"

आता साउनं तिच्याकडे नीट बघितलं. कपाळाकडे बघितलं, हातांकडे बघितलं. "कसला मका? खा हो, शेवया चिकटतील," ती म्हणाली.

चोर तर चोर, वर खोटारडी, थोआ मनात म्हणाली. भोळ्या पोराला पोरीच्या हसण्यावर झुलवायचं आणि त्याच्या आईच्या घामावर दुकान चालवायचं, असा हा कारभार होता. तिनं वाटी मात्र पूर्ण संपवली. आपलं माम ह्यांच्या बादलीत कशाला जाऊ द्यायचं.

खाता खाता तिला ते पातेलं दिसलं. गाडीच्या मागे एका लहान शेगडीवर झाकण घातलेलं छोटंसं पातेलं होतं. साउ त्याला हात लावत नव्हती. लायच मधूनमधून झाकण उचलून बघायची, ज्योत कमी करायची, भोपळ्याची फोड टोचून बघायची. इतक्या गिऱ्हाइकांच्या धबडग्यात तिचं लक्ष तिथेच होतं. त्यातलं कुणालाही वाढलं जात नव्हतं.

"लाय, त्या पातेल्यातलं आम्हाला कधी गं मिळणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुम्हाला ते आवडायचं नाही, आजोबा."

"तिच्या राजासाठी आहे ते," ऑफिसातली एक पोरगी म्हणाली. "राजेसाहेब दुपारी येतात. आम्ही बघितलंय, मागे त्या बदामाच्या झाडाखाली बसतात."

लाय लाजली आणि तिनं झाकण घट्ट बसवलं. "खा नि उठा, लोक उभे आहेत," साउ खेकसली.

थोआनं राजा हा शब्द घावासारखा झेलला. खिएमचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या टॉवरवर होतं. भर दुपारी इथे यायला त्याला काय पंख फुटले होते? म्हणजे राजा दुसराच कुणी. तिचा मुलगा ह्यांच्या लेखी नुसता माम पुरवणारा हमाल. तिला इतका संताप आला की चहासुद्धा कडू लागला.

संध्याकाळी लॉजच्या खिडकीत उभं राहून तिनं खिएमला फोन लावला.

"जेवलास का रे?"

"दुपारी बून माम खाल्लं, आई. तुझंच माम. सगळे विचारत होते, कुणाच्या हातचं म्हणून."

"आणि ती तुझी लाय? ती कधी घालते का तुला करून?"

"घालते की."

"काय घालते?"

"असेल ते," खिएम म्हणाला. "आई, एवढ्या गाड्यांचे आवाज कसले गं येताहेत?"

"शेजारचा टीव्ही," थोआ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बिचारं पोर, तिला वाटलं, झाकून घेतंय तिचं. करून घालत असती तर लगेच चार पदार्थांची नावं सांगितली असती. तिचा जीव त्याच्यासाठी तुटला, आणि त्या पातेल्याच्या मालकाला एकदा बघायचंच असं तिनं पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा घावनवालीकडे येऊन बसली.

"काय मावशी, सापडला का पूल?"

"सापडला. एक घावन द्या."

"घावन खायला पाठ रस्त्याकडे करून बसावं. धूळ येत नाही."

"मला धूळ चालते," थोआ म्हणाली. घावनवालीनं पुढे काही विचारलं नाही, पण घावनात कोळंबी मात्र जरा जास्त घातली.

ऊन डोक्यावर आलं तसं एक माणूस हेल्मेट घालून मोटरसायकलवरून आला आणि गाडीला वळसा घालून मागच्या बदामाकडे गेला. लायनं हातातलं फडकं टाकलं, पातेलं उचललं, दोन वाट्या घेतल्या आणि ती त्याच्या मागोमाग गेली. थोआ अर्धं घावन तसंच टाकून उठली. उसाच्या रसाच्या गाडीआडून, मग रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटआडून ती झाडाच्या इतकी जवळ पोचली की तिला त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आज पकडायचं, उद्या खिएमला सांगायचं, आणि परवा त्याला घेऊन गावी जायचं, असं सगळं तिच्या डोक्यात रांगेनं उभं होतं.

माणसानं हेल्मेट काढलं. त्याची पाठ तिच्याकडे होती. डोक्यावर दोन भोवरे होते, एकाला एक खेटून. त्या भोवऱ्यांवर तिनं लहानपणी किती तेल जिरवलं होतं.

राजा म्हणजे खिएमच होता. थोआला हसू आलं, इतकं की तोंडावर हात ठेवावा लागला. पण ते हसू टिकलं नाही. सदरा त्याच्या खांद्यांवरून लोंबत होता. तो लायकडे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांखालची सूज दिसली. पायही सुजलेले होते, चपलेचे पट्टे त्यानं सैल करून घेतले. आणि लायनं त्याच्यापुढे ठेवलेल्या वाटीत पांढऱ्याफटक शेवया, भोपळ्याच्या दोन फोडी आणि पाला, एवढंच होतं. वर मामचा एक थेंबसुद्धा नव्हता.

"आज थोडं घाल ना," खिएम म्हणत होता. "एक थेंब. काडीच्या टोकावर."

"नाही."

"अर्धा."

"अर्धा थेंब कसा घालतात ते आधी करून दाखव."

"बरं, वास तरी घेऊ दे."

लायनं शेजारची मामची बाटली उघडली आणि त्याच्या नाकाखाली धरली. खिएमनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "झालं, आता जेव," म्हणून तिनं बूच लावून टाकलं.

थोआचा मुलगा, तिनं रांजणांच्या काठी वाढवलेला, आईच्या हातच्या मामच्या एका थेंबासाठी लाचार झाला होता, आणि ही पोरगी त्याला वास मोजून देत होती. गिऱ्हाइकांना वाट्या भरभरून, आणि ज्याच्या घरून माम येतं त्याला भोपळा. ती क्रेटमागून पुढे झाली, तेवढ्यात तिचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

"थांबा, ताई," साउ म्हणाली.

"सोडा मला. माझं पोर..."

"तुमचंच पोर आहे, माहीत आहे मला. काल तुम्ही वाटी आधी नाकाला लावलीत तेव्हाच कळलं. खाणारा आधी खातो, हुंगतो तो करणारा. आणि वर मका विचारलात. तो मका आजवर एकाही गिऱ्हाइकाला कळलेला नाही."

"मग खोटं का बोललात?"

"त्यानं शपथ घातलीय." साउनं तिला ओढतच रचलेल्या स्टुलांमागे नेलं. आवाज एकदम खाली आणला. "त्याच्या किडन्या बिघडल्यात, ताई. दुसरा पावसाळा आता. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. माम म्हणजे तर त्याला विषच. वेल्डिंगही झेपेना, म्हणून आता इथे बाजाराजवळच्या गोदामाच्या दारावर बसतो."

थोआनं ऐकलं. प्रत्येक शब्द तिला समजला, पण त्यातला एकही आत जाईना. "मी डबे पाठवत होते," ती म्हणाली. "दर महिन्याला."

"आजार कळल्यावर पहिला डबा आला तो गटारात ओतायला निघाला होता. ह्याच गल्लीत. ओतवतही नव्हतं, नुसता हातात धरून रडत उभा होता. मी म्हटलं, अन्न ओततात का रे मूर्खा, आण इकडे. म्हटलं, आईला सांगून टाक. तर म्हणतो, काय सांगू? तू ज्याच्यावर मला वाढवलंस तेच आता मला चालत नाही म्हणून सांगू? आई रांजण फोडून टाकेल."

थोआनं ते खरोखरच फोडले असते.

"डॉक्टर म्हणतात, मामचा काही दोष नाही," साउ म्हणाली. "लहानपणी कसलासा ताप येऊन गेला असेल, त्याचं आहे. पण तो म्हणतो, आईला हे पटायचं नाही. जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल."

रस्त्यावरून कुणीतरी साउला हाक मारली. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. इतकं सगळं कळल्यावरही थोआच्या तोंडून निघाला तो संशयच. "हे माहीत असून तुम्ही पोरगी देताय? का पण? कोण देतं?"

"देतेय कुठली. मी नाहीच म्हटलं होतं. खोली भाड्यानं बघायला आलेय असं सांगून त्याच्या खोलीवर जाऊन आले मी. औषधांची पिशवी बघितली. लायला म्हटलं, विधवा व्हायची एवढी घाई झालीय का तुला? कितीतरी दिवस बोलले नाही तिच्याशी."

"मग?"

"मग तिनं ते पातेलं चढवलं. म्हटलं, चढवू दे, आठ दिवसांत कंटाळेल. एकदा मी चाखून बघितलं. ताई, घास गिळवत नाही. आणि ही कार्टी, दात यायच्या आधी मामची वाटी चाटलेली, त्याच्यासमोर बसून तेच खाते. बरं, त्याच्या माघारी खारट खाईल म्हणाल, तर तेही नाही. मी लपूनछपून बघितलंय. त्यानंतर मी काय बोलणार? माझंच तोंड बंद झालं."

थोआनं स्टुलांच्या फटीतून बघितलं. लायच्या मांडीवर दुसरी वाटी होती, तशीच पांढरी. ती काहीतरी सांगत, हातवारे करत, मजेत जेवत होती. खिएम हसत होता.

थोआ चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

खिएमनं वर बघितलं. त्याचा चेहरा आधी उजळला, मग त्याची नजर हातातल्या वाटीवर गेली आणि रंग पार उतरला. कुणी काही बोलायच्या आत त्यानं मामची बाटली ओढली, बूच काढलं आणि वाटीत भडाभडा ओतलं. शेवया काळ्या झाल्या.

"आई, तू कशी काय? ये ना, टेक," तो हसत म्हणाला. "बघ, जेवतोच आहे. तुझंच माम." त्यानं काड्यांनी मोठा घास उचलला. लायनं त्याचा हात धरला, तो त्यानं झटकला.

"नको खाऊ," थोआ म्हणाली.

त्याच्यामागे वाटी घेऊन धावण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता. हे दोन शब्द तिनं त्याला आजवर कधी म्हटले नव्हते. तिनं वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. माम तिच्या बोटांवरून ओघळून खाली पडत होतं.

"आई, मी सांगणारच होतो..."

"एक शब्द बोलू नकोस. आईशी खोटं बोलतोस? दर महिन्याला? मी तिकडे रांजणापाशी बसून म्हणायची, पोर खातंय, पोर ताकद धरतंय." तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. हाताला नुसतं हाड लागलं. दुसरी मारण्यासाठी उचललेला हात तिनं त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तिथे उभ्या उभ्या, सगळ्या गल्लीदेखत, ती रडली.

साउ मागे येऊन उभी राहिली होती. थोआनं बाहीला डोळे पुसले आणि तिच्याकडे वळली.

"साउताई, मी तुमची पोरगी बघायला आले होते. खोट काढायलाच आले होते म्हणा. खोट निघाली ती माझ्याच घरात. मुलगा आजारी आहे, आणि आईला फसवण्यात पटाईत आहे. माझी मुलगी असती तर असल्या स्थळाला मी दारातूनच परत पाठवलं असतं. तुम्हीही हवं तर पुन्हा विचार करा, मी वाईट वाटून घेणार नाही. आणि तरीही देणार असाल, तर मी हात पसरते."

"आमचा विचार झालाय, ताई," साउ म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, म्हणून तिनं लगेच तो चढवला. "आणि रस्त्यात काय हात पसरता? माणसांत या, रीतीनं या, मी पण जरा भाव खाईन."

लायनं पातेलं कलतं करून बघितलं. त्यात काही उरलं नव्हतं. मग तिनं आपली वाटी खिएमच्या हातात दिली.

"आणि तू काय खाणार?" थोआनं विचारलं. त्या पोरीशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मी नंतर करून घेईन, मावशी."

"नंतर कशाला? आत्ताच करू." थोआ शेगडीपाशी खाली बसली आणि तिनं भोपळा पुढे ओढला. सुरी हातात घेतली, पण ती तशीच धरून राहिली. "मला मिठाशिवाय स्वयंपाक येत नाही गं," ती म्हणाली. "कसा करायचा ते तू सांग, मी चिरते."